लाईट गेली, पत्रे उडाले, आता टीमला काय सांगायचं?

मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे तो, नुकताच शिफ्ट सुपरवायझर झालाय, हाताखाली १८ माणसं. म्हणे काका, २ दिवसाचं ट्रेनिंग दिलं आम्हाला, संकटात टीम कशी सांभाळायची म्हणून, प्रोजेक्टरवर ढीगभर स्लाईडी दाखवल्या, मला फक्त दुपारच्या जेवणातले गुलाबजाम लक्षात राहिले, तुम्ही सांगा ना नीट. मी म्हटलं रविवारी ये, शेवभाजी खाऊ आणि बोलू. तो काही आला नाही. म्हणून हे लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखं ज्यांच्या गळ्यात एकदम पुढारपण पडलंय त्या सगळ्यांसाठी.

आधी संकट कशाला म्हणायचं ते बघू, कारण आपण ऊठसूट सगळ्याला संकटच म्हणतो. सकाळी ५ माणसं कामावर आली नाहीत, ट्रक उशिरा आला, मशीनचा बेल्ट तुटला, या अडचणी झाल्या. त्रास होतो, पण काय करायचं ते माहीत असतं, कोणाला फोन लावायचा ते माहीत असतं. संकटात ३ गोष्टी एकाच वेळी येऊन पडतात: नेमकं काय झालंय ते पूर्ण कळलेलं नसतं, वेळ कमी असतो, आणि चुकलं तर नुकसान मोठं असतं, पैशाचं किंवा जिवाचं. या तिन्ही एकत्र आल्या की रोजची पद्धत चालत नाही. रोज तुम्ही विचारून, बघून, उद्यावर टाकून काम करता, इथे ते जमत नाही. बस एवढीच व्याख्या, पुढे जाऊ.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, आणि त्यात मी हिरो नाहीये हे आधीच सांगून ठेवतो.

काही वर्षं मी रावेरकडे केळीच्या एका पॅकहाऊसवर होतो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बागेत घड कापतात, पॅकहाऊसवर आणून फण्या वेगळ्या करतात, तुरटीच्या पाण्यात धुतात म्हणजे चीक निघतो, मग वजन करून साधारण १३ किलोची पेटी भरतात आणि पेट्या चेंबरमध्ये लावतात. चेंबरमध्ये माल १३-१४ डिग्रीवर आणायचा, मग रीफर म्हणजे चाकावरच्या फ्रीजसारख्या थंड कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवा बंदराला, तिथून जहाजाने आखातात. सगळा खेळ थंडाव्याचा आहे. माल गरम राहिला की पिकायला लागतो, आणि एक फणी पिकायला लागली की तिच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो शेजारच्या हिरव्या फण्यांना पण पिकवायला लावतो. एक पेटी बिघडली की रांग बिघडते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मृग लागायच्या तोंडावर वादळ येतं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं, रावेर-यावल-मुक्ताईनगर पट्ट्यात दरवर्षी कुठे ना कुठे उभ्या बागा आडव्या होतात. तरी त्या दिवशी संध्याकाळी जे आलं ते २० मिनिटांत सगळं करून गेलं. शेडचे पत्रे उडाले, लाईट गेली, रस्त्यावर लिंबाचं झाड पडलं, मोबाईलला रेंज नाही. चेंबरमध्ये जवळपास एका कंटेनरचा माल म्हणजे २० टनाच्या आसपास, बाहेर फ्लोअरवर न थंड केलेल्या पेट्या, पॅकिंगच्या १५-१६ बाया ज्यांना गावात घरी पोरं, बुऱ्हाणपूरकडची कटाईची टोळी, आणि मी.

पहिले २ तास मी काय केलं? पळालो. अक्षरशः पळालो. जनरेटर सुरू होईना तर स्वतः बॅटरी तोंडात धरून पॅनल उघडून बसलो, मला त्यातलं काही कळत नाही तरी. तिथून उठून पत्रे बघायला गेलो, मग गेटवर, मग झाड हटवायला कुऱ्हाड कुठे आहे ते शोधायला. जो भेटेल त्याला काहीतरी सांगत होतो. ३ वेगवेगळ्या पोरांना मी डिझेल आणायला सांगितलं होतं हे मला नंतर कळलं, आणि तिघंही एकाच पंपाकडे एकामागे एक चालत निघाले होते. चेंबरचा दरवाजा नीट बंद आहे का हे बघायला कोणालाच सांगितलं नव्हतं. तो एक हात उघडा होता. पाऊण तास. जनरेटर नसला तरी बंद चेंबर बराच वेळ थंडावा धरून ठेवतो, म्हणजे जी गोष्ट फुकटात वाचणार होती तीच मी जाऊ दिली.

शेवटी आमचे मुकादम आले. साठीच्या पुढचे, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही एका जागी बसा बरं. लोकं तुम्हाला शोधून राहिले. कोणी म्हणतं साहेब गेटवर, कोणी म्हणतं साहेब घरी गेले."

घरी गेले! मी तिथे घामाघूम होऊन पळतोय आणि अर्ध्या लोकांना वाटतंय साहेब निघून गेले. मला आधी रागच आला, मग लाज वाटली. आप्पांनी एक प्लास्टिकची खुर्ची वजनकाट्याजवळ आणून ठेवली आणि म्हणाले, आता इथून हलू नका.

पुतण्याला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर, बाकी सगळा लेख त्याचं स्पष्टीकरण समजा. गडबडीत टीमला तुमचं शौर्य नको असतं आणि भाषण तर अजिबात नको असतं, त्यांना पुढचा एक तास हवा असतो. या तासात मी काय करायचं, कोण कुठे आहे, आणि आपण परत कधी भेटणार. हे ज्याला कळलं तो माणूस शांत होतो, कामाला लागतो. ज्याला नाही कळलं तो एक तर नुसता उभा राहतो नाही तर पळतो, जसा मी पळालो.

का होतं असं? भीती वाटली की आपलं लक्ष आकसतं, टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना तसं. समोर जे दिसतं तेवढंच दिसतं. मला जनरेटर दिसला तर जनरेटरच दिसत राहिला, चेंबरचा दरवाजा माझ्या पाठीमागे होता. हे मूर्ख माणसालाच होतं असं नाही, शिकल्यासवरल्या, अनुभवी माणसाला पण होतं, शरीराची रचनाच तशी आहे, समोर वाघ असेल तर डोकं बाकी काही बघूच देत नाही. फरक इतकाच की शेतात वाघ एकच असतो, पॅकहाऊसवर एकाच वेळी ७-८ वाघ. म्हणून कोणीतरी एक माणूस असा लागतो ज्याच्या हातात कुऱ्हाड पण नाही आणि पाना पण नाही, ज्याचं काम फक्त सगळीकडे बघणं. ते काम तुमचं. तुम्ही पॅनलमध्ये डोकं घातलं की बघणारं कोणी उरलं नाही.

आणि भीती पसरते. इथिलीनसारखी. एक माणूस "गावात घर पडलं म्हणे" असं म्हणाला की १० मिनिटांत ते "मागच्या आळीत दोघं दाबले गेले" होतं, कोणी खोटं बोललेलं नसतं, प्रत्येकाने फक्त मधली रिकामी जागा आपल्या परीने भरलेली असते. आमच्याकडे त्या रात्री हेच झालं, बाया रडायला लागल्या, दोघी अंधारात पायी निघाल्या, तारा पडलेल्या रस्त्यावरून. खरी बातमी द्यायची सोय मी केलीच नव्हती, मग अफवा पसरणारच ना.

तर खुर्चीवर बसल्यावर काय केलं ते सांगतो. एक रिकामी पेटी फाडली, आतल्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहिलं आणि काट्याला टेकवून ठेवली. वर लिहिलं, काय माहीत आहे: सगळी माणसं सुखरूप, शेड गेलं, जनरेटर बंद, चेंबर १ आणि २ बंद केले. खाली लिहिलं, काय माहीत नाही: लाईट कधी येईल, गावात काय झालंय. त्याखाली, कोण काय करतंय. आणि सगळ्यात खाली, पुढचं बोलणं ९ वाजता इथेच. बस. मग सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं, कारण अंधारात आणि त्या गडबडीत वाचणार कोण. एक जण लगेच बोलला, "लाईट कधी येईन हो भाऊ?" मी म्हटलं, मला माहीत नाही, एक पोरगा सबस्टेशनला पाठवलाय, तो जे सांगेल ते ९ वाजता सांगतो. आणि गंमत बघा, तो माणूस यावर शांत झाला. "येईल अर्ध्या तासात" असं म्हटलं असतं तर अर्ध्या तासाने माझा शब्द मातीमोल झाला असता आणि पुढचं काहीच कोणी ऐकलं नसतं. लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली, ते सांगायला नको.

"माहीत नाही" म्हणायला लीडर लोक फार घाबरतात. माझं मत असं की "माहीत नाही" हे अर्धं वाक्य आहे, म्हणून ते कमकुवत वाटतं. पूर्ण वाक्य असं: माहीत नाही, ते कळावं म्हणून अमुक करतोय, अमुक वाजता परत सांगतो. आणि मग त्या वेळेला सांगायचंच, नवीन काही नसलं तरी सांगायचं की नवीन काही नाही. ९ म्हटलं की ९. ९ वाजून १० मिनिटं झाली की लोक परत आपापल्या बातम्या तयार करायला लागतात.

आता कोण काय करतंय हा भाग. मी आधी ३० जणांना स्वतः सांगत होतो, म्हणून ३ जण डिझेलला गेले. ही चूक इतकी जुनी आहे की तिच्यावर अख्खी पद्धत बनली आहे. १९७० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात भयंकर वणवे लागले, वेगवेगळ्या खात्यांचे बंबवाले आले पण कोण कोणाचं ऐकणार ते ठरेना, रेडिओवरचे शब्द पण एकमेकांना कळेनात. त्यानंतर त्यांनी एक पद्धत बसवली. तिचे दोनच नियम आपल्या कामाचे आहेत. एक, प्रत्येक माणसाला साहेब एकच. दोन, एका साहेबाखाली ३ ते ७ माणसं, शक्यतो ५, जास्त झाली की मध्ये अजून एक मुकादम नेमा. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, पूर-बिर आला की जिल्ह्यात कलेक्टरच्या हाताखाली कोणी काय बघायचं याची वाटणी त्यात असते. पण खरं सांगू का, आपल्या लग्नात हे वर्षानुवर्षं चाललंय. भटारखाना एका मामाकडे, पाहुण्यांची उठबस एका काकाकडे, आहेराची वही एका मास्तरकडे, आणि वधूपित्याने फक्त मांडवात उभं राहायचं. ज्या लग्नात वधूपिता स्वतः वाढायला लागतो त्या लग्नात कढी कमी पडते.

आम्ही पण तेच केलं. आप्पांकडे माणसं आणि रस्ता, इलेक्ट्रिशियन पोराकडे जनरेटर, आमच्या क्वालिटीच्या मॅडमकडे दोन्ही चेंबर आणि बाहेरचा माल, एका वयस्कर बाईकडे सगळ्या बाया, आणि ड्रायव्हरकडे गावात जाऊन एकेका घराची खबर आणणं. ५ माणसं. मी फक्त या पाचांशी बोलायचो.

मग प्रश्न आला आधी काय वाचवायचं. सगळं वाचणार नाही हे मान्य करणं फार जड जातं, मला तर अर्धा तास लागला. फ्लोअरवरच्या पेट्या आत टाकाव्यात असं मालकांचं म्हणणं होतं, ते कसेबसे फोनवर आले होते. क्वालिटीवाल्या मॅडम म्हणाल्या, सर, गरम माल आत घातला आणि दरवाजा सारखा उघडला तर आतला थंड माल पण जाईल. बरोबर होतं. बाहेरचा माल लोकल मार्केटला सोडला, मिळेल त्या भावाने. मालकांना ते आवडलं नाही, अजून पण आवडलेलं नसेल. पण तिने ते तोंडावर बोलून दाखवलं ही खरी कमाई होती, कारण मी "हो साहेब" म्हणून कामाला लागणारच होतो.

यावरून आठवलं. २७ मार्च १९७७, तेनेरिफ बेटावरचं विमानतळ, दाट धुकं. एका डच जंबो विमानाचा कॅप्टन, खूप नावाजलेला, सिनियर, त्याने टेकऑफ सुरू केलं. त्याच्या मागे बसलेल्या फ्लाईट इंजिनियरला शंका आली, त्याने विचारलं की समोरचं विमान रनवेवरून बाहेर पडलं का नक्की? कॅप्टन ठामपणे म्हणाला, पडलं. इंजिनियर गप्प बसला. समोरचं विमान तिथेच होतं. ५८३ माणसं गेली, विमान वाहतुकीच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही. त्यानंतर जगभर पायलट लोकांना एक वेगळंच ट्रेनिंग सुरू झालं, ज्युनियरने शंका दोनदा, स्पष्ट बोलून दाखवायची आणि सिनियरने ती ऐकायची. आपल्याकडे मोठ्यांसमोर बोलू नये हे बाळकडूच असतं, त्यामुळे नुसतं "बोला रे" म्हणून कोणी बोलत नाही. मी आता असं विचारतो: मी जे ठरवलं त्यात काय चुकू शकतं ते प्रत्येकाने एक-एक सांगा. मग बोलतात, कारण आता न बोलणं हाच उद्धटपणा होतो.

बरं, उलट बाजू पण आहे. कधी कधी लीडर बरोबर असतो आणि टीम ऐकत नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत माँटाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत वणवा लागला. विमानातून पॅराशूटने उतरणारे १५ बंबवाले तिथे गेले, जमिनीवरचा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला, १६ जण. फोरमन वॅगनर डॉज. आग अचानक उलटली आणि गवताच्या चढावरून त्यांच्या मागे लागली. डॉज थांबला, त्याने काडी ओढून आपल्या समोरचंच गवत पेटवलं आणि ते जळाल्यावर त्या राखेत पालथा झोपला, बाकीच्यांना ओरडून सांगत होता, या इकडे, आत या. कोणी गेलं नाही. आपल्याकडे बांधावरचं गवत पेटवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल तो काय करत होता, जळलेल्या जागेत आग परत येत नाही. पण त्या पोरांना दिसलं काय, तर आग मागे आहे आणि हा माणूस पुढे पण आग लावतोय. वेडा झाला. ते पळत सुटले. १३ जण गेले. डॉज वाचला, आणि वर कड्यापर्यंत पोचलेले अजून दोघं.

मला ही गोष्ट फार लागते. डॉजचं डोकं चाललं, निर्णय बरोबर, तरी १३ जण गेले. त्याचं या टीमबरोबर आधी फारसं काम झालेलं नव्हतं, पोरं त्याला नीट ओळखत नव्हती, आणि समजावून सांगायला वेळ नव्हता. समजावून सांगायला वेळ नसताना माणूस फक्त ओळखीवर ऐकतो. आप्पांनी दंड धरून बसवलं तेव्हा मी बसलो, का? कारण आधी ४ वर्षं आम्ही एका डब्यातलं खाल्लेलं होतं. ही ओळख वादळाच्या रात्री तयार करता येत नाही. चटईच्या कारखान्यात १८ माणसं आहेत तर १८ जणांच्या घरी कोण कोण आहे, कोणाला बीपी आहे, कोण रात्री घाबरतो, कोणाला वायरिंग येतं पण तो सांगत नाही, हे आत्ता, शांत दिवसात माहीत करून घे.

लांबणाऱ्या संकटाचं गणित अजून वेगळं. एक रात्र माणूस जागतो, दुसऱ्या रात्री चुका करतो, तिसऱ्या रात्री भांडतो. ५ ऑगस्ट २०१० ला चिलीत सान होजे नावाची खाण कोसळली, ३३ कामगार जवळपास ७०० मीटर खाली अडकले, आणि पहिले १७ दिवस वरच्या जगाला ते जिवंत आहेत हेच माहीत नव्हतं. शिफ्ट फोरमन होता लुईस उर्सुआ. जेमतेम २-३ दिवस पुरेल एवढं खाणं, ते त्यांनी १७ दिवस पुरवलं, ४८ तासांत एकदा, माणशी २ चमचे टूना मासा आणि अर्धा पेला दूध. पण खाण्यापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते, त्यांनी दिवस पाडले. अंधारात, जिथे रात्र आणि दिवस एकच, तिथे पाळ्या लावल्या, झोपायच्या जागा, कामाच्या जागा ठरवल्या. ६९ व्या दिवशी बाहेर काढलं तेव्हा उर्सुआ सगळ्यात शेवटी वर आला.

आणि आपल्याकडचं उत्तराखंडातलं सिलक्यारा. १२ नोव्हेंबर २०२३, ऐन दिवाळीच्या दिवशी बोगदा ढासळला, ४१ कामगार आत. आधी एका बारक्या पाईपातून चणे-मुरमुरे जायचे, मोठा पाईप गेला तेव्हा बाटल्यांत भरून खिचडी गेली. आत फोरमन गब्बरसिंग नेगी लोकांना फिरायला लावायचे, योगा करायला लावायचे, आणि सगळ्यात शेवटी मी बाहेर येईन असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. परदेशी मशीन मोडल्यावर शेवटचे काही मीटर हाताने खणून काढले ते गरीब रॅट-होल मायनर्सनी, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद भोकात शिरून हाताने खणणाऱ्या मजुरांनी, १७ व्या दिवशी सगळे बाहेर. योगा ऐकून हसायला येतं काही जणांना. मला नाही येत. ज्या माणसाच्या हातात करण्यासारखं काही नाही त्याला काहीतरी ठरलेल्या वेळी करायला देणं, ही साधी गोष्ट नाही.

आमच्याकडे ते काम खिचडीने केलं. रात्री ११ ला एका बाईने स्वतःहून चूल पेटवली, पेट्यांचे पुठ्ठे आणि तुटलेल्या लाकडी पॅलेट जाळून. मी आधी म्हणणार होतो की हे आत्ता कशाला. बरं झालं नाही म्हणालो. पोटात गरम गेलं आणि सगळ्यांचे आवाज खाली आले, मग आप्पांनी निम्म्या लोकांना झोपायला लावलं, दमात घेऊन, कारण संकटात कोणी स्वतःहून झोपत नाही, लाज वाटते. मला पण २ तास झोपवलं. मी झोपलो तेव्हा खुर्चीवर आप्पा बसले, रिकामी ठेवली नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणा पण सगळ्यात कामाचा भाग, आधीची तयारी. उदाहरणासाठी लांब जायला नको, आपलं नंदुरबार आहे. सातपुड्यातला जिल्हा, दुर्गम पाडे, आरोग्याच्या सोयी जेमतेम. तिथे कोरोनात कलेक्टर होते डॉ. राजेंद्र भारूड, ते स्वतः धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले, डॉक्टरकी शिकलेले. सप्टेंबर २०२० मध्ये पहिला ऑक्सिजन प्लांट बसवला, आणि खरी गोष्ट पुढे आहे, पहिली लाट ओसरली तरी थांबले नाहीत, आणखी प्लांट बसवले. त्या वेळी सगळीकडे लोकांना वाटत होतं झालं, संपलं. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन जोरात होती, मोठमोठ्या शहरांत लोक सिलेंडरसाठी रांगा लावत होते तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. शिवाय त्यांनी 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या, म्हणजे पेशंटला किती ऑक्सिजन लागतोय आणि वाया किती जातोय एवढंच बघणारी नर्स. एका माणसाला एकच काम, परत तेच. पेपरात बातमी आली ती एप्रिलची, काम झालं होतं ते आधीच्या सहा-सात महिन्यांत, जेव्हा ते कोणी बघत नव्हतं.

संकट संपल्यावर एक गोष्ट करायची असते आणि ती आपण कधीच करत नाही, सगळ्यांना घेऊन बसणं. आपण करतो काय, सत्कार करतो नाही तर खापर फोडतो. आम्ही चौथ्या दिवशी बसलो, वजनकाट्याजवळच. ४ प्रश्न: काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. मी आधी स्वतःचे २ तास सांगितले, पॅनल, डिझेल, उघडा दरवाजा सगळं. मोठ्याने आपली चूक आधी सांगितली की बाकीच्यांना सांगायला मोकळं होतं. मग एक पोरगा हळूच बोलला की चेंबरचा दरवाजा उघडा असल्याचं त्याला दिसलं होतं. मी विचारलं मग बंद का नाही केलास रे भो? म्हणे, वाटलं तुम्हीच कामासाठी उघडा ठेवला असेल.

यातून आम्ही काही फार मोठं केलं नाही. दरवाजाला आपोआप लागायची स्प्रिंग बसवली. कोणाकडे काय, या पाच नावांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून काट्यावर चिकटवला. सगळ्या बायांच्या घरचा एक-एक नंबर वहीत लिहून घेतला. आणि मे महिन्यात एक दिवस, कोणाला न सांगता, मी दुपारी ३ वाजता मेन स्विच पाडायचा ठरवला, बघू तर काय होतं. त्या दिवशी मी मुद्दाम सावद्याला गेलो होतो, आप्पांनी स्विच पाडला.

अर्ध्या तासाने फोन आला. आप्पा म्हणाले, सगळं झकास झालं, दरवाजे बंद, माणसं जागेवर, खुर्चीवर मॅडम बसल्या, पहिलं बोलणं पण झालं. फक्त जनरेटर सुरू नाही झाला. मी म्हटलं का? म्हणे, चावी कुठे आहे?

मी खिशात हात घातला.